वाचकांचे प्रश्न : चाकोरीत फसलेला ट्रक

या सदरात एरवी गाडीच्या देखभालीविषयीचे प्रश्न येतात. बॅटरी का बसते, पावसाळ्यात ब्रेक का किंचाळतात, इंजिन ऑइल किती किलोमीटरनंतर बदलावे, अशा स्वरूपाचे ते असतात. मागे एका उत्तरात मी सहज लिहून गेलो की संध्याकाळी नातवाबरोबर मीही ‘स्नोरनर’ हा ट्रक चालवण्याचा व्हिडिओ गेम खेळतो. त्या एका वाक्यानंतर नागपूर आणि आसपासच्या वाचकांकडून त्याविषयीच इतकी पत्रे आली की संपादकांनी ती एकत्र घेण्याची परवानगी दिली. या महिन्यात ब्रेक आणि बॅटरी यांना सुटी आहे.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ‘स्नोरनर’ सेबर इंटरॲक्टिव्ह या कंपनीने तयार केला आणि तो एप्रिल २०२० मध्ये बाजारात आला. २०१४ सालचा ‘स्पिनटायर्स’ आणि २०१७ सालचा ‘मडरनर’ हे त्याच घराण्यातले वडीलधारे होत. यात शर्यत हा मुख्य भाग नाही. एका ठिकाणचा माल दुसऱ्या ठिकाणी पोहोचवायचा असतो आणि मधल्या वाटेवर चिखल, बर्फ, दरड किंवा नदी असते. दोन किलोमीटरला तास लागला तरी बहुतेक कामांत कोणी विचारत नाही.

प्रश्न : मी वाडी येथील एका ट्रान्सपोर्ट कार्यालयात काम करतो. दिवसभर बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, फाडतो आणि रात्री स्नोरनर खेळतो. खेळातल्या मिशिगनमधील ब्लॅक रिव्हर भागात लाकडी फळ्या घेऊन निघालो की गाडी प्रत्येक वेळी त्याच चिखलाच्या पट्ट्यात फसते. पैसे साठवून मोठे इंजिन बसवले, पण फरक पडला नाही, उलट गाडी आता अधिक लवकर रुतते. माझे कोठे चुकते?

उत्तर : आपल्या प्रश्नातच उत्तराचा अर्धा भाग आलेला आहे. मोठे इंजिन बसवल्यावर गाडी लवकर रुतू लागली, ही तक्रार नसून अचूक निरीक्षण आहे. चाक जमिनीला मागे ढकलते आणि त्या बदल्यात जमीन गाडीला पुढे ढकलते; पण जमीन किती जोर सोसेल याला मर्यादा असते. चिखलाची ती मर्यादा फार लवकर येते. तिच्या पलीकडे इंजिनाने दिलेला सगळा जोर चाक जागच्या जागी गरगर फिरवण्यात जातो आणि फिरणारे चाक खालची माती उपसून स्वतःसाठी खड्डा खणते. जितके इंजिन मोठे, तितके हे खोदकाम जलद होते.

आता ‘त्याच पट्ट्यात’ या आपल्या शब्दांकडे पाहू. या खेळातली जमीन म्हणजे नुसते रंगवलेले चित्र नाही. चाक गेले की माती खरोखर दबते, बाजूला सरकते आणि मागे चर उरतो. पुढच्या खेपेला आपण त्याच वाटेने आलात की तो चर आणखी खोल होतो. म्हणजे ज्या खड्ड्यात आपण आज फसता, तो काल आणि परवा आपणच खणलेला आहे. आपल्या भाषेत यासाठी ‘चाकोरी’ हा नेमका शब्द आहे. बैलगाडीच्या चाकांनी पडलेल्या खोल रेघांना चाकोरी म्हणत आणि आज आपण तो शब्द कचेरीतल्या कंटाळवाण्या कामासाठी वापरतो. ज्यांनी जुलै-ऑगस्टमध्ये विदर्भातली एखादी पांदण, म्हणजे शेताकडे जाणारी कच्ची वाट, पाहिली आहे त्यांना मूळ अर्थ सांगावा लागणार नाही. जाणता धुरकरी, म्हणजे बंडी (बैलगाडी) हाकणारा, कोरड्या दिवसांत ती चाकोरीत सोडून डुलकी काढत असे, पण पाऊस पडला की तोच गडी खाली उतरून बैलांना चाकोरीच्या बाहेर काढत असे. खेळातही तेच करावे. एका बाजूची चाके दोन चरांच्या मधल्या उंचवट्यावर आणि दुसऱ्या बाजूची चाके वाटेच्या काठावरच्या गवतावर राहतील अशी गाडी धरावी. गवत असलेली जमीन बहुधा अधिक टणक असते. वाट वाकडी दिसेल, पण गाडी चालत राहील.

गिअरच्या बाबतीत बहुतेक नवखे खेळाडू गाडी फसल्यानंतर उपाय सुरू करतात. चिखलात पुढचे चाक जाण्याआधी लो गिअर टाकावा आणि गाडीत सोय असेल तर सर्व चाकांना जोर देणारी ऑल व्हील ड्राइव्ह तेव्हाच चालू करावी. लो गिअरमध्ये इंजिनाचे फेरे बरेच आणि चाकाचे फेरे थोडे असतात. त्यामुळे चाकावरचा पीळ, म्हणजे टॉर्क, वाढतो आणि चाक गरगरण्याऐवजी हळूहळू मातीला धरत जाते.

त्यानंतर डिफरेन्शियल लॉकचा विचार करावा. मी अनेक वर्षे मोटार मेकॅनिकच्या वर्गाला शिकवत होतो आणि हा भाग फळ्यावर समजावताना नेहमी अर्धा तास जास्त लागे, तरी इथे प्रयत्न करतो. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागते, म्हणून दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी दातेरी चाकांची एक पेटी आसाच्या मधोमध बसवलेली असते. तिचा गुणच चिखलात दोष ठरतो. साधे डिफरेन्शियल दोन्ही बाजूंना सारखाच पीळ देते. म्हणून एक चाक निसटत्या चिखलात असेल आणि त्याला फिरायला जेमतेम जोर लागत असेल, तर टणक जमिनीवरच्या दुसऱ्या चाकालाही तेवढाच जेमतेम जोर मिळतो. एक चाक भिरभिरते, दुसरे मुकाट उभे राहते आणि गाडी जागची हलत नाही. लॉक लावला की दोन्ही चाके एकाच गतीने फिरायला बांधली जातात आणि ज्याच्या पायाखाली टणक जमीन आहे ते चाक गाडी ओढू लागते. खेळात सुरुवातीच्या सगळ्याच ट्रकांत हा लॉक असतो असे नाही. काहींसाठी तो नकाशावर कोठेतरी पडलेला सुटा भाग म्हणून शोधून आणावा लागतो. लॉक लावून कोरड्या रस्त्यावर धावू नये, कारण गाडी वळायला जड होते आणि इंधनही जास्त जळते.

मोठ्या इंजिनासाठी जमवलेले पैसे टायरांवर खर्च झाले असते तर हे पत्र कदाचित आलेच नसते. खेळात प्रत्येक टायरसमोर डांबर, माती आणि चिखल यांवरची पकड वेगवेगळी दाखवलेली असते. विकत घेताना बहुतेक जण टायरचा आकार पाहतात; आपण चिखलासमोरचा शेरा पाहावा. साखळी लावलेले टायर मात्र बर्फासाठी असतात. खेळातल्या बर्फाळ अलास्कात पोहोचेपर्यंत त्यांच्या वाट्याला जाऊ नये.

फळ्या ट्रेलरवर न घेता शक्य असेल तर ट्रकच्या पाठीवरच घ्याव्यात. पाठीवरचे वजन जोर लावणाऱ्या चाकांना खाली दाबते. ट्रेलर मात्र आपली चाके चिखलात घासत मागून नुसता ओढला जातो. दोन खेपा कराव्या लागतील, पण दोन्ही पोहोचतील.

आता विंचविषयी, म्हणजे तार गुंडाळून गाडी ओढून काढणाऱ्या यंत्राविषयी. बहुतेक जण गाडी बोनटपर्यंत बुडाल्यावर विंचची तार जवळच्या झाडाला लावतात आणि झाड बारीक असेल तर तेच मोडून येते. चिखलाच्या पट्ट्यात शिरण्यापूर्वीच थांबून पुढचे जाड झाड हेरून ठेवावे. गाडीचा वेग मंदावू लागताच, ती पूर्ण थांबण्याआधी, तार लावावी आणि ओढत असतानाच लो गिअरमध्ये चाकेही हळू फिरती ठेवावीत. ओढ सरळ पुढे न देता किंचित तिरपी दिली तर गाडी चाकोरीतून बाजूला निघते. साधी विंच इंजिन चालू असेल तरच चालते, हेही लक्षात ठेवावे.

शेवटी एक कबुली. हे सगळे ठाऊक असूनही मी मागच्या आठवड्यात फळ्यांनी भरलेला ट्रक एका उतारावर आडवा केला, कारण वाट आधी लहान गाडीने पाहून यायचा कंटाळा केला. खेळ सुरुवातीलाच एक शेवरले पिकअप देतो ती त्यासाठीच असते. तिच्याने टेहळणी बुरुजापर्यंत जाऊन नकाशा उघडावा, कोठे पाणी आहे, कोठे उतार आहे ते पाहावे आणि मगच ट्रक काढावा. नातवाने मला हे त्या वेळी सांगितले होते.

प्रश्न : मी हिंगणा परिसरातील महाविद्यालयात अभियांत्रिकी शिकतो. कीबोर्डवर खेळतो. स्टिअरिंग व्हील घेतल्यास खेळ सुधारेल का?

उत्तर : आधी साधा कंट्रोलर, म्हणजे दोन्ही हातांत धरायचा खेळाचा रिमोट, घ्यावा. कीबोर्डवरचे बटण दाबले की ॲक्सिलरेटर पूर्ण दबतो आणि सोडले की पूर्ण सुटतो. कंट्रोलरच्या मागच्या कळीवर पाव किंवा अर्धा ॲक्सिलरेटर देता येतो. डांबरी रस्त्यावर कीबोर्डने फारसे बिघडत नाही. चिखलात मात्र चाक धरेल की गरगरेल हे याच पाव-अर्ध्यावर ठरते. स्टिअरिंग व्हील ही हौस आहे. वसतिगृहाच्या टेबलावर ते बसेल का, हेही एकदा मोजून पाहावे.

प्रश्न : माझा मुलगा अकरावीत आहे. आम्ही मानेवाड्याला राहतो. तो रोज रात्री जेवणानंतर हा खेळ खेळतो आणि हाक मारली की ‘आई, आता मध्येच थांबता येत नाही, गाडी नदीत आहे’ असे म्हणतो. वर, यामुळे आपल्याला ट्रक चालवता येऊ लागला आहे, असाही त्याचा दावा आहे. त्याच्या वडिलांना तो खरा वाटतो, मला वाटत नाही. आपले मत सांगावे.

उत्तर : पहिल्या मुद्द्यावर मी निःसंकोचपणे आपल्या बाजूने आहे. हा खेळ खेळाडूची प्रगती आपोआप नोंदवत राहतो. खेळ बंद करून उद्या पुन्हा सुरू केला तर गाडी जिथे होती तिथेच, त्याच नदीत, त्याच तिरप्या अवस्थेत उभी सापडते. तेव्हा मध्येच थांबता येत नाही हे खरे नाही. थांबावेसे वाटत नाही, हे खरे असू शकते, आणि ते मी समजू शकतो.

दुसऱ्या मुद्द्यावर मला दोघांमध्ये मध्यस्थी करावी लागेल. चढावर गिअर केव्हा उतरवायचा, भरलेल्या गाडीचा तोल वळणावर कसा बाहेर झुकतो, उंच माल लादला की गाडी का उलटते, लांब गाडीचे मागचे चाक पुढच्या चाकाच्या आतून कसे कापत जाते, ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग उलटे का वाटते, या गोष्टी तो खेळातून बऱ्यापैकी शिकला असेल. मी माझ्या वर्गात लाकडी ठोकळ्यांनी जे दाखवत असे, त्यातले काही हा खेळ अधिक चांगले दाखवतो, हे मान्य करायला मला कमीपणा वाटत नाही.

परंतु ट्रक चालवण्यातल्या ज्या गोष्टी जिवावर बेततात, त्या यात जवळजवळ नाहीत. सर्वांत आधी, या खेळातल्या रस्त्यांवर दुसरी रहदारीच नसते. समोरून चुकीच्या बाजूने येणारी दुचाकी नाही, भंडारा रोडवर मध्येच उभे राहिलेले जनावर नाही, रस्ता ओलांडणारे शाळकरी मूल नाही. ट्रकच्या केबिनमधून डाव्या बाजूला, दाराच्या अगदी खाली, चालकाला काहीच दिसत नाही. म्हणून आपल्याकडे क्लिनर खिडकीतून डोके बाहेर काढून ‘येऊ द्या, येऊ द्या’ करत असतो. खेळात मात्र कॅमेरा गाडीच्या वर, मागे, हवा तिथे फिरवता येतो. खऱ्या अवजड ट्रकचे ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतात आणि लांब उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवला तर लायनिंग तापून ब्रेक लागेनासे होतात. ती भीती खेळात मला कधी वाटली नाही. आणि रात्री तीनला डोळा लागणे, हे तर कोणताही खेळ शिकवू शकत नाही. खेळात रात्र नको असेल तर वेळ पुढे सरकवून सकाळ करता येते.

कायद्याचे म्हणणे तर अगदी स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार सार्वजनिक ठिकाणी मोटारगाडी चालवायला १८ वर्षे पूर्ण असावी लागतात आणि व्यावसायिक वाहतुकीच्या गाडीसाठी २० वर्षे. शिवाय अशा गाडीचा शिकाऊ परवाना मिळवण्याआधी हलक्या मोटार वाहनाचा परवाना किमान १ वर्ष हातात असावा लागतो. अकरावीतल्या मुलाला अजून बराच अवकाश आहे. तोपर्यंत त्याच्या वडिलांनी त्याला घरच्या गाडीचे चाक बदलायला शिकवावे. जॅक कोठे लावायचा आणि नट आधी सैल करून मग गाडी का उचलायची, एवढे आले तरी तो माझ्या दृष्टीने ट्रकच्या पहिल्या पायरीवर उभा राहिला.

प्रश्न : नदी ओलांडताना माझ्या ट्रकचे इंजिन खराब होते. खोली कशी ओळखावी? (कामठी)

उत्तर : पाणी इंजिनात हवा घेण्याच्या तोंडापर्यंत पोहोचले की नुकसान सुरू होते. ज्या गाड्यांना स्नॉर्केल, म्हणजे हवा वरून घेणारी उभी नळी, बसवता येते त्यांना ती आधी बसवावी. खोली ओळखण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे वाहत्या पाण्यात तळाचे दगड दिसतात तिथून जाणे आणि प्रवाहाला थोडे तिरपे, वरच्या अंगाला तोंड करून जाणे. खऱ्या आयुष्यात मात्र रपट्यावरून, म्हणजे ओढ्यावरच्या ठेंगण्या पुलावरून, पाणी वाहत असेल तर तिरपेही जाऊ नये, सरळही जाऊ नये. पाणी उतरेपर्यंत अलीकडेच गाडी बंद करून चहा प्यावा. चाकाच्या अर्ध्या उंचीचे वाहते पाणी रिकाम्या टेम्पोला सहज बाजूला नेते.

प्रश्न : मी कापसी येथे राहतो. ३४ वर्षे ट्रक चालवला. वणीचा कोळसा, यवतमाळकडच्या कापसाच्या गाठी, कन्हानची वाळू असा सगळा माल ओढला. नातवाच्या संगणकावर हा खेळ पाहिला आणि थोडा खेळलोही. तीन गोष्टी मला खटकल्या. काळ्या मातीत गाडी फसली की आम्ही अर्धा माल उतरवत असू आणि गाडी निघत असे. खेळात रिकामी गाडी उलट जास्त गरगरते. वाळूत आम्ही चाकांची हवा कमी करत असू. इथे ती सोय दिसली नाही. आणि काळी माती चाकाला लिंपून टायरची नक्षी बुजवते, मग चाक नुसता गोळा होऊन बसते. खेळात तसे होत नाही. खेळ चुकीचा आहे की माझा अनुभव?

उत्तर : आपले पत्र मी दोनदा वाचले आणि नंतर वर्गातल्या माझ्या जुन्या टिपणांची वही काढली. आपला अनुभव बरोबर आहे. खेळही अगदीच चुकीचा नाही. दोघांच्या पायाखालची जमीन वेगळी आहे.

माती चाकाला दोन प्रकारांनी धरते. कोरड्या वाळूत कण एकमेकांवर घासतात आणि जितके वजन वरून येईल तितकी ती घासण वाढते. म्हणजे वाळूत वजन हे पकडीचे साधन आहे. ओल्या चिकणमातीत मात्र कण एकमेकांना चिकटून असतात आणि पकड त्या चिकटपणावर अवलंबून असते. तो चिकटपणा वजनाने वाढत नाही, चाकाने व्यापलेल्या क्षेत्रफळाने वाढतो. मातीवर चालणाऱ्या वाहनांचे हे गणित विसाव्या शतकात ज्यांनी शास्त्र म्हणून उभे केले त्यांत मिएचिस्लाव बेकर हे पोलिश अभियंते अग्रभागी होते, आणि पुढे चंद्रावर नेलेल्या अपोलो मोहिमांच्या गाडीच्या रचनेतही त्यांचा सहभाग होता. चंद्रावरच्या धुळीला आणि वणीच्या चिखलाला एकच समीकरण लागू पडते, ही गोष्ट मला अजूनही गमतीची वाटते.

या समीकरणात आपले अनुभव चपखल बसतात. चिंब काळ्या मातीत अर्धा माल उतरवला की पकड फारशी कमी होत नाही, कारण ती वजनावर नव्हतीच. पण चाक रुतण्याची खोली मात्र कमी होते आणि गाडी निघते. कन्हानच्या पात्रात वजनाने पकड मिळते खरी, पण त्याच वजनाने चाक खालीही जाते. हवा कमी केली की टायर लांबट पसरतो, वजन तेच राहूनही ते जास्त जागेवर वाटले जाते आणि गाडी वाळूवर तरंगल्यासारखी चालते. खेळाने बहुतेक ठिकाणी वजनाला पकडीशी जोडले आहे, म्हणून तिथे रिकामी गाडी गरगरते. वर वाडीच्या वाचकांना मी माल पाठीवर घ्यायला सांगितले तेही त्याच हिशेबाने. आपल्या काळ्या मातीत तो सल्ला मी दिला नसता.

आपली माती वेगळी का, याचेही कारण आहे. दख्खनच्या बेसॉल्ट खडकाची पूर्वेकडची कड नागपूरपाशी येते. सीताबर्डीचा किल्ला ज्या टेकडीवर आहे ती याच खडकाची आहे. त्या खडकाच्या झिजण्यातून तयार झालेल्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. त्याच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांच्या मधोमध पाणी शिरते आणि माती फुगते. उन्हाळ्यात तेच पाणी निघून गेले की हात जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हणून आपल्याकडचा शेतकरी पाऊस थांबल्यावर लगेच औत घालत नाही, वाफसा येण्याची, म्हणजे जमिनीतली ओल बेताची होण्याची, वाट पाहतो. ट्रकवाल्यांनीही वाफसा पाहिला पाहिजे, असे मी विद्यार्थ्यांना सांगत असे; ते हसत असत.

खेळ मात्र प्रामुख्याने उत्तरेकडच्या जमिनीचा विचार करतो. त्यातला तैमिर हा प्रदेश उत्तर सायबेरियातला खराखुरा द्वीपकल्प आहे. तिथे खालची जमीन बारमाही गोठलेली असते आणि उन्हाळ्यात फक्त वरचा थर वितळतो. पाण्याला खाली झिरपायला वाटच नसल्याने तो थर रबडीसारखा होतो. म्हणजे तिथला चिखल वरून मऊ आणि खाली बर्फासारखा टणक असतो, तर आपला चिखल खालपर्यंत चिकट आणि फुगलेला असतो. तिथे खोल नक्षीचे जड चाक वरचा थर चिरून खालच्या टणक थराला धरू शकते. आपल्याकडे असे चाक जितके खाली जाईल तितके खालीच जाते.

नक्षी बुजण्याविषयी आपण म्हणता ते खरे आहे. चिखलाच्या टायरांच्या नक्षीतल्या गोट्या इतक्या दूर-दूर ठेवलेल्या असतात त्या यासाठीच, की चाक फिरताना मधली माती झटकली जावी. खेळात चाकांना माती चिकटलेली दिसते, पण त्यामुळे पकड गेल्याचे मला तरी जाणवलेले नाही. पावसाळ्यात पांदणीवरून गेलेल्या माणसाला ही उणीव पहिल्या दहा मिनिटांत दिसेल. पहिले दोन मुद्दे मलाही सुचले असते, पण हा मात्र हाताने माती खरवडलेल्या माणसाचा आहे.

हवा कमी-जास्त करण्याची सोय याच मालिकेतल्या मार्च २०२४ मध्ये आलेल्या ‘एक्स्पिडिशन्स’ या खेळात दिलेली आहे. झाड नसेल तिथे विंचसाठी जमिनीत रोवायचा खुंटाही त्यात मिळतो, जो आपण पहारीने ठोकत असाल. आपल्याला तो खेळ अधिक जवळचा वाटेल. मात्र त्यात माल वाहण्यापेक्षा शोधमोहिमांवर भर आहे, आणि ज्यांनी आयुष्यभर बिल्टीप्रमाणे माल उतरवला आहे त्यांना कदाचित ‘स्नोरनर’मध्येच समाधान मिळेल. शक्तिमान किंवा टाट्रा हे लष्करातले ट्रक ज्यांनी पाहिले आहेत त्यांना त्यातली रशियन धर्तीची वाहने लगेच ओळखीची वाटतील. बहुतेकांना खेळाने काल्पनिक नावे दिली आहेत, पण बोनट आणि चाकांची मांडणी लपत नाही.

पत्राच्या शेवटी आपण लिहिले आहे की नातू कंट्रोलर हातात देत नाही. ‘स्नोरनर’ एका वेळी चार जण मिळून खेळू शकतात, आणि विंच झाडाप्रमाणेच दुसऱ्या खेळाडूच्या गाडीलाही लावता येते. दुसऱ्या संगणकाची सोय करून आपण फक्त मागून यावे. पहिल्या दलदलीत तो स्वतःच आवाज देईल.